वायुकोश–केशवाहिनी पटल

फुप्फुसातील हवा व रक्त यांना एकमेकांपासून अलग ठेवणारे, जिवंत कोशिकांचे (पेशींचे) बनलेले अतिशय पातळ पटल. ऑक्सिजन व कार्बन डाय-ऑक्साइड हे वायू त्यातून जवळजवळ मुक्तपणे ये-जा करतात; पाणी, लवणे व प्रथिने यांना मात्र ते कमी-अधिक प्रमाणात अडविते. विश्रांतीच्या स्थितीतही दर मिनिटाला सु. ५ लि. रक्त या पटलाच्या एका बाजूने वाहते आणि दुसऱ्या बाजूस हवा असते. असे असूनही निरोगी माणसाचे वायुकोश जवळजवळ कोरडे राहतात. हा कोरडेपणा टिकविण्यात पटल कमी पडले, म्हणजे रक्तातील द्रव वायुकोशांत साचतो, ऑक्सिजन रक्तात शिरू शकत नाही आणि रुग्ण कोरड्या जमिनीवर बुडाल्याप्रमाणे गुदमरतो. या अवस्थेला फुप्फुसशोफ (फुप्फुसात द्रव साचणे) म्हणतात. किती द्रव साचला यावरून संकटाची तीव्रता कळते. त्या द्रवात प्रथिने किती आहेत यावरून संकटाचे कारण कळते. पटलाच्या अभ्यासातून निघालेले हे सूत्र विंचुदंशापासून विषारी वायूंच्या बाधेपर्यंत अनेक विकारांच्या निदानास व उपचारास आधारभूत ठरले आहे.

रचना : प्रौढ माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून सु. ३० ते ५० कोटी वायुकोश (हवेच्या सूक्ष्म पिशव्या) असतात. त्यांचा एकूण पृष्ठभाग ७० ते १४० चौ. मी. असल्याचे निरनिराळ्या मोजमापांवरून दिसते. प्रत्येक वायुकोशाभोवती केशवाहिन्यांचे (अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचे) दाट जाळे असते. हवा व रक्त यांच्यामधील पटल सर्वांत पातळ भागी केवळ ०·२ ते ०·३ मायक्रोमीटर जाड असते. साधा लिहिण्याचा कागद त्याच्या तीनशेपटींहून अधिक जाड भरेल.

या पटलाचे तीन थर आहेत. रक्ताच्या बाजूस केशवाहिनीचे आतील अस्तर म्हणजे अंतःस्तर, हवेच्या बाजूस वायुकोशाचे अस्तर म्हणजे उपकला आणि या दोहोंमध्ये तंतुमय आधारपटल असते. पटलाच्या एका बाजूस दोन्ही थरांची आधारपटले एकजीव झालेली असतात. ही बाजू वायूंच्या देवघेवीसाठी असते. दुसऱ्या बाजूस त्यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा असते. तिला अंतराल म्हणतात. झिरपलेला द्रव प्रथम या अंतरालात येतो. वायुकोशांना उपकलेचे अखंड अस्तर असते की नाही, याविषयी शरीररचनाशास्त्रज्ञांत दीर्घकाळ मतभेद होता. कारण हा थर साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसण्याइतका जाड नाही. १९५२ च्या सुमारास फ्रँक लो या अमेरिकन शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने हे अस्तर अखंड असल्याचे दाखवून दिले व हा वाद मिटला.

उपकलेत दोन प्रकारच्या कोशिका असतात. पहिल्या प्रकारच्या कोशिका पसरट व अतिशय पातळ असून वायुकोशाचा सु. ९५ टक्के पृष्ठभाग त्यांनीच झाकलेला असतो. दुसऱ्या प्रकारच्या कोशिका संख्येने अधिक पण आकाराने घनाकृती असून उरलेल्या जागेत, बहुधा कोपऱ्यांत, आढळतात. या कोशिका पृष्ठताण कमी करणारे मेदयुक्त द्रव्य स्रवतात, त्यामुळे वायुकोश मिटत नाहीत. तसेच पहिल्या प्रकारच्या कोशिका नष्ट झाल्यास विभाजनाने त्यांची जागा भरून काढण्याचे कामही त्या करतात.

खारबांधाचे उदाहरण : या पटलाचे कार्य कोकणातील खारभूमीच्या उदाहरणाने स्पष्ट करता येईल. ठाणे खाडीच्या पूर्व काठावरील घणसोली, कोपरखैरणे यांसारख्या गावांत नवी मुंबईच्या उभारणीपूर्वी आगरी शेतकरी खाडीचे खारे पाणी मातीच्या बांधांनी अडवून आतील जमिनीत भाताचे पीक घेत असत. बांध कितीही चांगला असला, तरी त्यातून थोडे पाणी झिरपत राहतेच. ओहोटीच्या वेळी ते उघाडीवाटे (बांधातील दारावाटे) खाडीत परत सोडले जाई. शेतात पाणी भरण्याचे प्रसंग दोन. एक, उधाणाच्या भरतीमुळे बाहेरील पाण्याचा दाब वाढून शाबूत बांधातूनही पाझर वाढणे. असे झिरपलेले पाणी मातीने गाळलेले असल्यामुळे बरेचसे नितळ असते. दुसरा, बांधाला खांड पडणे. त्या वेळी पाणी गाळ-चिखलासह आत घुसते. फुप्फुसाच्या बाबतीत रक्त हे खाडीच्या, वायुकोश शेताच्या, लसीकावाहिन्या उघाडीच्या आणि प्रथिने गाळाच्या जागी आहेत. हे साम्य एका मर्यादेपर्यंतच खरे आहे, कारण मातीचा बांध निर्जीव असतो. फुप्फुसाचा बांध जिवंत असून तो स्वतःची छिद्रे लहानमोठी करू शकतो आणि आत आलेले पाणी उपसूही शकतो.

पाझराचे नियम : केशवाहिनीतून द्रव बाहेर जाण्याचे प्रमाण परस्परविरोधी बलांवर अवलंबून असते, हे अर्नेस्ट हेन्री स्टार्लिंग (१८६६–१९२७) या इंग्रज शरीरक्रियाविज्ञांनी १८९६ मध्ये दाखविले. (स्टार्लिंग यांचे वडील मुंबईत ‘क्लार्क ऑफ द क्राउन’ या न्यायालयीन पदावर होते.) रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो, तर रक्तद्रवातील प्रथिनांमुळे निर्माण होणारा तर्षण दाब ते आत खेचून धरतो. प्रथिनांपैकी अल्ब्युमिनाचा वाटा यात सर्वांत मोठा असतो. फुप्फुसातील केशवाहिन्यांत रक्ताचा दाब पाऱ्याच्या सु. ७ ते १० मिमी. इतकाच असतो, तर रक्तद्रवाचा प्रथिनजन्य तर्षण दाब सु. २५ ते २८ मिमी. असतो. केवळ या दोन आकड्यांवरून फुप्फुसात पाझर मुळीच होऊ नये असे वाटेल. परंतु अंतरालातील द्रवातही पुष्कळ प्रथिने असतात व ती पाण्याला आपल्याकडे ओढतात; शिवाय अंतरालातील दाब वातावरणीय दाबापेक्षा थोडा कमी असतो. परिणामी थोडा द्रव सतत बाहेर झिरपत राहतो.

झिरपलेला बराचसा द्रव केशवाहिनीच्या नीलेकडील टोकाशी परत शोषला जातो, असे पूर्वी पाठ्यपुस्तकांत सांगितले जाई. अंतःस्तराच्या आतील पृष्ठभागावर शर्करायुक्त द्रव्यांचा एक मऊ लेप असून प्रथिनांची गाळणी मुख्यतः तेथेच होते, हे अलीकडे स्पष्ट झाले आहे. त्यामुळे स्थिर अवस्थेत द्रवाचे पुनःशोषण जवळजवळ होत नाही आणि झिरपलेला द्रव लसीकावाहिन्यांनीच वाहून न्यावा लागतो, असे आता मानतात. स्टार्लिंग यांचे मूळ तत्त्व यामुळे बाधित झालेले नाही. तर्षण दाब कोठे मोजावयाचा, एवढेच बदलले आहे.

नियमाचा दुसरा भाग पटलाच्या गुणधर्माशी संबंधित आहे. प्रथिने जर पटलातून मुळीच जाऊ शकत नसतील, तर त्यांचा तर्षण दाब पूर्णपणे परिणामकारक ठरतो. ती पाण्याइतक्याच सहजतेने जाऊ शकत असतील, तर तो शून्यवत होतो. ही परिणामकारकता परावर्तन गुणांकाने दर्शवितात व त्याचे मूल्य १ ते ० यांच्या दरम्यान असते. म्हणूनच प्रथिनांना वाट मिळणे हे दुहेरी संकट असते : प्रथिने बाहेर जातात आणि पाण्याला रक्तात धरून ठेवणारे बलही नाहीसे होते.

या नियमांचा प्रायोगिक पडताळा आर्थर गायटन व ए. डब्ल्यू. लिंडसे यांनी १९५९ मध्ये कुत्र्यांवर घेतला. हृदयाच्या डाव्या अलिंदातील दाब पाऱ्याच्या सु. २४ मिमी. पेक्षा अधिक झाल्यावर फुप्फुसात द्रव साचू लागला. रक्तद्रवातील प्रथिने सु. निम्म्यावर आणल्यावर मात्र सु. ११ मिमी. दाबालाच द्रव साचू लागला. निरोगी फुप्फुसाला सुरक्षिततेची मोठी मर्यादा लाभलेली असते आणि ती बरीचशी प्रथिनांवर अवलंबून असते, हे यावरून दिसून आले.

प्रथिनांची अडवणूक : अंतःस्तर व उपकला हे दोन्ही थर सारखे नाहीत. ऑब्रे टेलर व के. ए. गार यांनी १९७० मध्ये केलेल्या गणनेप्रमाणे अंतःस्तराच्या छिद्रांची त्रिज्या सु. ४ ते ५·८ नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मिमी. चा दहा लक्षांश) धरावी लागते, तर उपकलेच्या छिद्रांची केवळ ०·६ ते १ नॅनोमीटर. अल्ब्युमिनाच्या रेणूची त्रिज्या सु. ३·५ नॅनोमीटर असते. याचा अर्थ असा की, अल्ब्युमीन अंतःस्तरातून थोड्याफार प्रमाणात अंतरालात येऊ शकते. उपकला मात्र त्यालाच काय, सोडियमासारख्या लहान आयनांनाही सहजासहजी वाट देत नाही. वायुकोश कोरडा राखण्याचे मुख्य श्रेय त्यामुळे उपकलेकडे जाते. अंतःस्तराला इजा होऊनही उपकला शाबूत राहिल्यास द्रव अंतरालातच थोपविला जातो. दोन्ही थर निकामी झाल्यावर वायुकोश भरतात.

ही छिद्रे म्हणजे मुख्यतः शेजारच्या दोन कोशिकांमधील सांधे होत. उपकलेच्या कोशिका हवेकडील कडेने क्लॉडीन व ऑक्लुडीन या गटांतील प्रथिनांच्या साखळ्यांनी एकमेकींस शिवल्यासारख्या जोडलेल्या असतात. यांना घट्ट सांधे म्हणतात. ऑक्लुडिनाचा शोध १९९३ मध्ये व क्लॉडिनांचा १९९८ मध्ये जपानी शास्त्रज्ञ शोइचिरो त्सुकिता, मिकिओ फुरुसे व त्यांचे सहकारी यांनी लावला. अंतःस्तराच्या कोशिकांचे सांधे तुलनेने सैल असून ते धरून ठेवण्याचे काम कॅडहेरीन या प्रथिनाचा एक विशेष प्रकार करतो. त्याचे रेणू कॅल्शियमाच्या साहाय्याने एका कोशिकेकडून दुसरीच्या रेणूंत गुंततात. यांखेरीज अंतःस्तर कोशिका आपल्या पृष्ठभागावरील सूक्ष्म खळग्यांच्या पुटिका बनवून त्यांतून काही अल्ब्युमीन कोशिकेच्या आरपार नेतात. सांध्यांवाटे होणारा पाझर व पुटिकांवाटे होणारी ही वाहतूक या दोन स्वतंत्र वाटा आहेत.

पार्यतेचे नियंत्रण : पटलाची पार्यता (पदार्थ आरपार जाऊ देण्याची क्षमता) कायम एकच नसते. थ्राँबीन, हिस्टामीन, ब्रॅडिकिनीन इ. द्रव्ये अंतःस्तर कोशिकेवरील विशिष्ट ग्राहींना चिकटली म्हणजे कोशिकेतील कॅल्शियम वाढते. ॲक्टीन व मायोसीन हे तंतू, स्नायूत घडते त्याप्रमाणे, आकुंचन पावतात. कोशिका कडेने आत ओढली जाते आणि दोन कोशिकांमध्ये फट पडते. जी. मायनो व जी. ई. पॅलाडी यांनी १९६१ मध्ये उंदरांच्या सूक्ष्म नीलांवर हिस्टामिनाचा प्रयोग करून अशा फटी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखविल्या. याउलट, रक्तातील स्फिंगोसीन-१-फॉस्फेट हे मेदद्रव्य तंतूंची कोशिकेच्या कडेला पुनर्रचना घडवून सांधे बळकट करते. निरोगी अवस्थेत ही उघडझाप उपयुक्त असते, कारण जंतुसंसर्गाच्या जागी श्वेत कोशिका व प्रतिपिंडे पोहोचण्यास वाट मिळावी लागते. सबंध फुप्फुसभर हीच क्रिया एकाच वेळी व अनावर झाली, म्हणजे संरक्षणाचेच रूपांतर संकटात होते.

निचरा व उपसा : झिरपलेला द्रव दोन मार्गांनी दूर केला जातो. अंतरालातील द्रव लसीकावाहिन्या शोषून घेऊन छातीतील मोठ्या नीलांत नेऊन सोडतात. मानवी फुप्फुसातून सामान्यतः तासाला सु. १० ते २० मिलि. लसीका वाहते, पाझर वाढल्यास हा प्रवाह अनेक पटींनी वाढू शकतो. द्रव प्रथम श्वासनलिकांच्या व मोठ्या वाहिन्यांच्या भोवतालच्या सैल ऊतकात साचतो. तेथे जागा उरली नाही म्हणजेच तो वायुकोशांत उतरतो [⟶ लसीका तंत्र].

वायुकोशात उतरलेला द्रव मात्र कोशिकांना ऊर्जा खर्चून उपसावा लागतो. उपकलेच्या कोशिका हवेकडील बाजूच्या मार्गांनी सोडियमाचे आयन आत घेतात व रक्ताकडील बाजूच्या सोडियम–पोटॅशियम पंपाने बाहेर टाकतात. सोडियमामागोमाग पाणी तर्षणाने ओढले जाते. या पंपाचा शोध डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्को यांनी १९५७ मध्ये लावला व त्याबद्दल त्यांना १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी होण्याचा बहुमान मिळाला. मायकेल मॅथे, नॉर्मन स्टॉब व त्यांचे सहकारी यांनी १९८२ मध्ये मेंढ्यांवर प्रयोग करून असे दाखविले की, वायुकोशातील द्रवाची प्रथिन-संहती वाढून तर्षण दाब विरोधी झाला, तरीही पाणी बाहेर काढले जाते. अर्थात ही क्रिया केवळ दाबाच्या फरकाने होणारी नाही. जन्माच्या वेळी गर्भाच्या फुप्फुसातील द्रव दूर होण्यासही हीच यंत्रणा आवश्यक असते. सोडियम मार्गाचा एक मुख्य घटक जनुकीय बदलाने काढून टाकलेली उंदराची पिले जन्मानंतर सु. दोन दिवसांच्या आतच मरण पावली, असे १९९६ मध्ये आढळले.

पाण्याच्या मानाने प्रथिने फार सावकाश दूर होतात. तासाला शेकडा एक-दोन या गतीने. म्हणून प्रथिनयुक्त द्रव वायुकोशात शिरल्यास पाणी निघून गेल्यावरही प्रथिनांचा साका मागे राहतो, पृष्ठताण कमी करणाऱ्या द्रव्याचे कार्य बिघडवतो आणि वायुकोशांच्या भिंतींवर काचेसारखी पुटे धरतो.

पाझर वाढण्याचे दोन प्रकार : यावरून फुप्फुसशोफाचे दोन मुख्य प्रकार पडतात. पहिल्यात पटल शाबूत असते, पण केशवाहिन्यांतील दाब वाढतो; उदा., हृद्‌स्नायूचा अभिकोथ (हृदयविकाराचा झटका), द्विदल झडपेचे आकुंचन, अतिशय वाढलेला रक्तदाब. या द्रवातील प्रथिनांचे रक्तद्रवातील प्रथिनांशी गुणोत्तर बहुधा ०·६५ पेक्षा कमी भरते. दुसऱ्यात दाब सामान्य असूनही पटलाला इजा झालेली असते; उदा., तीव्र फुप्फुसशोथ (न्यूमोनिया), जंतुरक्तता, विषारी वायू, बुडणे. येथे हे गुणोत्तर ०·७५ च्या वर जाते. के. एल. ब्रिगम, स्टॉब व इतर यांनी १९७४ मध्ये मेंढ्यांच्या फुप्फुसातील लसीका थेट गोळा करून हा भेद स्पष्ट केला : दाब वाढविल्यावर लसीका वाढली पण तिच्यातील प्रथिने विरळ झाली, जंतू शिरेवाटे सोडल्यावर लसीका वाढली आणि प्रथिनेही भरपूर राहिली.

दोन्ही प्रकारांत रुग्णाला धाप लागते, आडवे पडवत नाही, छातीत बुडबुड असा आवाज येतो आणि कधीकधी तोंडातून गुलाबी फेस येतो. बाह्य लक्षणे सारखी असली, तरी उपचारांची दिशा भिन्न असते : एकात भरती उतरवावयाची असते, तर दुसऱ्यात खांड बुजेपर्यंत शेत जगवावयाचे असते.

कोकणातील विंचुदंश : हा भेद ओळखल्याने किती प्राण वाचू शकतात याचे ठळक उदाहरण कोकणात घडले. कोकणातील तांबड्या विंचवाचा (मेसोब्युथस टॅम्युलस; नव्या वर्गीकरणाप्रमाणे हॉटेन्टोट्टा टॅम्युलस) दंश भातकापणी, गवतकापणी किंवा लाकूडफाटा हलविताना होतो आणि लहान मुलांना तो विशेष घातक ठरतो [⟶ विंचू]. दंशानंतर काही वेळाने उलट्या, भरपूर घाम, लाळ गळणे, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसत आणि काही तासांत रुग्ण फेसाळ थुंकी टाकीत गुदमरून मरण पावे. १९७६ च्या सुमारास रायगड जिल्ह्यात महाडजवळील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब व हृदयाच्या आवाजांची तासातासाची नोंद ठेवली. घाम, उलट्या व गार हातपाय ही हृदयावरील येऊ घातलेल्या संकटाची पूर्वचिन्हे आहेत, हे त्यांचे निरीक्षण १९८२ मध्ये लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

विंचवाचे विष तंत्रिकांमधील सोडियम मार्ग बंद होऊ देत नाही. त्यामुळे ॲड्रेनॅलीन व नॉरॲड्रेनॅलीन यांचा लोट रक्तात येतो. शरीरभरच्या रोहिण्या आवळल्या जातात, डाव्या निलयाला फार मोठ्या रोधाविरुद्ध रक्त ढकलावे लागते, तो थकतो आणि त्यामागील रक्त फुप्फुसात तुंबते. दुसऱ्या शब्दांत, येथे बांध मुख्यतः शाबूत असतो. उधाण आलेले असते. विषामुळे शोथकारक द्रव्ये मुक्त होऊन पटलाची पार्यताही काही अंशी वाढते, असा पुरावा आहे. परंतु जिवावर बेतणारा भाग दाबाचा असतो. हे ध्यानी घेऊन डॉ. बावस्कर यांनी आवळलेल्या रोहिण्या सैल करणारी औषधे वापरली व त्यांपैकी प्राझोसीन हे तोंडाने देता येणारे, स्वस्त औषध खेड्यांतील दवाखान्यांसाठी सर्वांत सोयीचे ठरले. त्यासंबंधीचा त्यांचा अहवाल १९८६ मध्ये लॅन्सेटमध्येच आला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शेकडा २५ ते ३० दगावत. हे प्रमाण सु. एक टक्क्यापर्यंत खाली आले. ॲट्रोपिनासारखी पूर्वी सर्रास दिली जाणारी औषधे हृदयावरील ताण वाढवितात, हेही यातून कळून आले. पुढे प्रतिविष उपलब्ध झाल्यावर डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाड येथे ७० रुग्णांवर केलेल्या तुलनात्मक चाचणीत (२०११) केवळ प्राझोसिनापेक्षा प्रतिविष व प्राझोसीन एकत्र दिल्याने रुग्ण अधिक लवकर बरे होतात, असे आढळले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री हा किताब देण्यात आला.

विषारी वायूंची बाधा : दुसऱ्या प्रकाराचा धोका औद्योगिक वस्तीत अधिक असतो. ज्या घणसोलीच्या खारबांधांचा वर उल्लेख आला, त्याच गावाच्या पूर्वेस ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्टा १९६० नंतरच्या दशकांत उभा राहिला. असा पट्टा व दाट वस्ती शेजारी-शेजारी असतात, तेथे क्लोरीन, अमोनिया, फॉस्जीन, नायट्रोजन डाय-ऑक्साइड यांसारख्या वायूंची माहिती सर्वसामान्य नागरिकांसही असणे आवश्यक ठरते. क्लोरीन पाणी शुद्ध करण्यासाठी, तर अमोनिया शीतगृहांत व बर्फाच्या कारखान्यांत वापरतात. अमोनिया पाण्यात सहज विरघळत असल्यामुळे डोळे, नाक व घसा यांची तत्काळ आग होते आणि माणूस दूर पळतो. फॉस्जीन व नायट्रोजन डाय-ऑक्साइड पाण्यात कमी विरघळतात. सुरुवातीला त्रास थोडाच जाणवतो, पण वायू थेट वायुकोशांपर्यंत पोहोचून पहिल्या प्रकारच्या नाजूक कोशिका जाळतो. सांधे हळूहळू सुटतात आणि काही तासांनी, कधी एक दिवसापर्यंतही उशिराने, फुप्फुसशोफ उद्‌भवतो. म्हणून अशा वायूचा संसर्ग झालेल्या व्यक्तीला बरे वाटत असले, तरी तिला श्रम करू न देता वैद्यकीय देखरेखीखाली ठेवणे इष्ट असते.

भोपाळ येथे २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथिल आयसोसायनेटाची गळती झाली, तेव्हा सुरुवातीच्या मृत्यूंचे प्रमुख कारण फुप्फुसशोफ हेच होते. मुंबईत शिवडी येथे १४ जुलै २०१० रोजी मुंबई बंदराच्या आवारात पडून असलेल्या जुन्या सिलिंडरांपैकी एकातून क्लोरीन वायू सुटला व अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. वाचलेल्यांपैकी काहींना पटल भरून येताना तंतुमय ऊतक वाढल्यामुळे दीर्घकाळ धाप लागू शकते.

मिश्र प्रकार : काही विकारांत दोन्ही कारणे एकत्र येतात. १९६२ च्या भारत-चीन संघर्षाच्या काळात मैदानी प्रदेशातून हिमालयात तातडीने नेलेल्या भारतीय सैनिकांत फुप्फुसशोफाचे अनेक रुग्ण आढळले, एन. डी. मेनन यांनी १९६५ मध्ये अशा १०१ सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ऑक्सिजन कमी पडल्याने फुप्फुसातील रोहिण्या असमान आवळल्या जातात व काही भागांतील केशवाहिन्यांवर फार दाब येतो. जॉन वेस्ट व त्यांचे सहकारी यांनी १९९१ मध्ये सशांच्या फुप्फुसांवर दाखविल्याप्रमाणे पाऱ्याच्या सु. ४० मिमी. दाबाला पटल प्रत्यक्ष फाटू लागते. दाबाने सुरू झालेल्या शोफात प्रथिने व तांबड्या कोशिका का सापडतात, याचा उलगडा यामुळे झाला. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या रोगातही (उदा., जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत आलेली साथ) काही रुग्णांत पटल इतके दुबळे होते की, द्रवाऐवजी रक्तच वायुकोशांत उतरते.

उपचार : दाबजन्य शोफात ऑक्सिजन, मूत्रल औषधे व रक्तवाहिन्या सैल करणारी औषधे यांनी बहुधा काही तासांतच आराम पडतो. पटलाच्या इजेवर असा त्वरित उपाय अद्याप सापडलेला नाही. डी. जी. ॲशबॉ व इतर यांनी १९६७ मध्ये बारा रुग्णांच्या आधारे वर्णन केलेला तीव्र श्वसनदुर्बलतेचा लक्षणसमूह हे या इजेचे सर्वांत गंभीर रूप होय. २०२०–२१ मधील कोव्हिड-१९ च्या साथीत अत्यवस्थ झालेल्या असंख्य रुग्णांमुळे तो सर्वसामान्यांनाही परिचित झाला. सोडियमाचा उपसा वाढविणारी औषधे शिरेवाटे देऊन पाहिली असता लाभाऐवजी अपायच अधिक झाल्याचे २०१२ मध्ये दिसून आले. निश्चित लाभ झाला तो पटलाला आणखी इजा न करण्याच्या धोरणाचा. यांत्रिक श्वसनात एका श्वासाला दर किग्रॅ. वजनामागे १२ मिलि. ऐवजी ६ मिलि. हवा दिल्यास मृत्युप्रमाण सु. ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर येते, असे अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत २००० मध्ये सिद्ध झाले. अतिताणाने पटलाच्या कोशिका फाटतात, हे त्याचे कारण होय. गंभीर रुग्णाला दिवसातील बराच काळ पालथे झोपविणे (२०१३) व शिरेवाटे अनावश्यक द्रव न देणे हेही याच धोरणाचे भाग आहेत. ज्या रुग्णांच्या उपकलेची उपसण्याची शक्ती टिकून असते ते जगण्याचा संभव अधिक असतो, असे एल. बी. वेअर व मॅथे यांना २००१ मध्ये आढळले. बाहेरून दिलेले उपचार वेळ मिळवून देतात. पटलाची दुरुस्ती अखेर दुसऱ्या प्रकारच्या कोशिकाच करतात. त्या नव्या कोशिका तयार करून सांधे पुन्हा जुळवेपर्यंत रुग्णाला जगविणे, हेच आजच्या उपचारांचे मुख्य उद्दिष्ट आहे.